वहिवाट

महसुली दप्तरात 'मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे' अशी ज्याची नोंद आहे, आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मोटारींच्या कारखान्यांच्या पत्त्यांतून ज्याचे नाव पार जर्मनीपर्यंत जाऊन पोचले आहे, त्या इंद्रायणीकाठच्या गावी २०२५ च्या माघात मी सात वर्षांनी पुन्हा गेलो. कोल्हापुराहून निघताना मोटारीच्या टपावर दोरीने आवळलेली सायकल पाहून आईने विचारले, "तिकडं शर्यत हाय व्हय?" शर्यत नव्हती. "जरा बघून येतो," एवढेच मी म्हणालो. काय बघून येणार हे तिने विचारले नाही आणि मलाही ते शब्दांत सांगता आले नसते.

मोशी मागे टाकून इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवडची हद्द संपते आणि खेड तालुका लागतो. पुलावर मी क्षणभर थांबलो. ज्या नदीने तुकोबांचे अभंग तारले अशी साऱ्या महाराष्ट्राची श्रद्धा आहे, तिच्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे पुंजके तरंगत होते आणि काठावर एक म्हातारी तेच पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावीत होती. आमच्या पंचगंगेचेही दुखणे हेच आहे. परंतु स्वतःच्या घरातले आजारपण डोळ्यांना सरावाने दिसेनासे होते आणि परक्या घरी तेच पाहताना जीव कळवळतो, तसे माझे झाले.

या गावी मी प्रथम आलो तो २००९ साली. चाकणच्या माळावर फोक्सवॅगनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, महिंद्राच्या कारखान्याची उभारणी चालू होती, आणि त्यांच्या आगेमागे सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रीघ लागली होती. त्यांपैकी एकात यंत्रविभागात मला नोकरी मिळाली. भूसंपादनाच्या पैशातून येथील शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या रानात खोल्यांच्या रांगा बांधल्या होत्या, आणि तशाच एका दहा खोल्यांच्या रांगेत, टोकाच्या खोलीत, मी आठ वर्षे काढली. मालकीणबाईंना सगळे भाडेकरू आक्का म्हणत. त्यांनी माझे नाव कधी उच्चारलेच नाही. त्यांच्या लेखी मी पहिल्या दिवसापासून 'कोल्हापूरकर' होतो.

डोंगरी सायकलीचा नाद मला या गावाने लावला. पाळीचे काम सुटले की मोकळ्या वेळेचे करायचे काय, हा परगावच्या तरुणाचा प्रश्न मी आठ हजार रुपयांच्या एका जाड टायरांच्या सायकलीने सोडवू पाहिला, आणि पाहता पाहता निघोज्यापासून भामचंद्रापर्यंतच्या साऱ्या पाणंदी, बांधांवरच्या पायवाटा, गुरांच्या वाटा आणि मुरमाड गाडीवाटा माझ्या पायांना तोंडपाठ झाल्या. पुढे पुणे परिसरातील टेकड्यांवर हौशी स्वारांच्या ज्या शर्यती होतात त्यांत मी भाग घेऊ लागलो. माझा सर्वांत वरचा क्रमांक सातवा, तोही एकदाच. परंतु सुरुवातीच्या दोरीपाशी शंभर जण श्वास रोखून उभे असताना जी विलक्षण शांतता पसरते, तिच्यासाठी मी महिनाभर रात्रपाळीनंतर झोप मोडून सराव करीत असे, आणि त्या काळात माझ्यापेक्षा सुखी माणूस या माळावर दुसरा कोणी होता असे मला आजही वाटत नाही.

मग एका उतारावर पडलो. हासळीचे हाड मोडले. सायकलस्वाराच्या देहातले सर्वांत आधी मोडणारे हाड तेच, कारण पडताना माणूस हात पुढे करतो आणि जमिनीचा सारा धक्का खांद्यातून तेथे येऊन थांबतो. हाड सहा आठवड्यांत सांधले. सायकल मात्र सुटली ती हाडामुळे नव्हे. त्याच सुमारास वडील गेले, कोल्हापुरात उद्यमनगरातील आमच्या ओतशाळेकडे पाहणारे कोणी उरले नाही, आणि २०१७ च्या अखेरीस मी खोली रिकामी करून घरी परतलो. सायकल माळ्यावर गेली. या भेटीआधीच्या दिवाळीत माळा झाडताना तिच्या हँडलला बांधलेली एक वही हाती आली; तीत माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'भामचंद्र. वासुलीच्या ओढ्यापासून खांद्यापर्यंत. १८ मि. ४० से.' ज्याने हे लिहिले तो माणूस आणि वही हातात धरून दोन जिने चढल्यामुळे धापा टाकणारा मी, या दोघांत काही नाते उरले आहे की नाही, हे पाहायला मी निघोज्याला आलो होतो.

आक्कांनी भाड्याचा विषय काढू दिला नाही. "पाव्हणा म्हून आलायस, पाव्हण्यासारखं राहायचं," म्हणाल्या. त्यांच्या दहा खोल्यांच्या आता चोवीस झाल्या आहेत. बीड-परभणीची मुले पूर्वीही होती. आता बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश येथली आहेत आणि संध्याकाळी चोवीस दारांतून चोवीस प्रकारच्या फोडण्यांचा वास अंगणात येतो. सत्तरीच्या आक्का त्या मुलांशी ज्या हिंदीत बोलतात ती व्याकरणाच्या कोणत्याही कायद्यात बसणार नाही, परंतु ताप आलेल्या पोराला पेज पाजताना त्यांना भाषेची अडचण पडल्याचे मी पाहिले नाही.

पहाटे काकड्याच्या सुरांनी जाग आली. देहू आणि आळंदी यांच्या मधोमध वसलेल्या या पट्ट्यात सकाळ भोंग्याने आणि भजनाने एकदमच उजाडते. सायकल घेऊन गावठाणातून निघालो तेव्हा पहिल्या पाळीच्या गाड्या माणसे गोळा करीत उभ्या होत्या, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले टपरीवर चहा पीत होती, आणि त्यांच्यामधून टाळ सावरीत दोन वृद्ध वारकरी देवळातून घरी चालले होते. मी घंटी वाजवली नाही. "माऊली, वाट," म्हणालो. दोघे बाजूला झाले आणि एकाने हात जोडून "राम कृष्ण हरी" म्हटले. आमच्याकडे रस्त्यात अनोळखी माणसाला 'भावा' म्हणतात, आणि त्या हाकेत आखाड्यातल्या दोस्तीची खणखणीत बरोबरी असते. येथे वाट मागणाऱ्याला, भाडे घेणाऱ्याला, टायरमध्ये हवा भरणाऱ्यालाही 'माऊली' म्हणतात. तिन्हीसांजेला ट्रकवाल्यांची आपसात कडाक्याची भांडणेही मी या संबोधनाने सुरू झालेली ऐकली आहेत; तरी आईच्या नावाने सुरू झालेल्या भांडणाला कुठेतरी एक काठ राहतो, असा माझा अनुभव आहे.

महाळुंग्याच्या अलीकडेच पुढचे चाक बसले. माघात माळावरचे सराटे वाळून त्यांचे काटे खिळ्यासारखे कठीण होतात, आणि मी तर सात वर्षांपूर्वीच्या ट्यूबवर निघालो होतो. माझी सायकल सव्वीस इंची चाकांची. शर्यतींच्या जगात हे माप आता जवळजवळ बाद झाले असून तेथे बहुतेक सारे एकोणतीस इंचांवर गेले आहेत. कोल्हापुरातल्या झगझगीत दुकानात मला या मापाची ट्यूब सहजी मिळाली नव्हती. महाळुंग्यात रस्त्याकडेला ताडपत्रीखाली बसलेल्या, सिवानकडच्या एका कारागिराने मात्र चाकाकडे एक नजर टाकली आणि पाठीमागच्या खिळ्यावर लटकणाऱ्या सव्वीस इंची ट्यूबांच्या जुडग्यातून एक काढून माझ्यापुढे धरली. कारखान्यांत कंत्राटी कामावर जाणारी हजारो माणसे ज्या 'रेंजर' सायकली वापरतात, त्या साऱ्या याच मापाच्या. हौशी लोकांनी टाकून दिलेले माप कष्टकऱ्यांनी सांभाळून ठेवले होते.

त्याचे हात चालू असताना मी त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइके न्याहाळीत होतो. आकुर्डी-पिंपरीच्या कारखान्यांचे फाटक सायंकाळी उघडले की सायकलींचा पूर लोटत असे, असे जुने कामगार सांगतात. पुण्याला तर सायकलींचे शहर हेच बिरुद होते. त्या सायकलींची जागा स्कूटरींनी घेतली, आणि स्कूटरींची मोटारसायकलींनी. या दोन्ही वाहनांचे कारखाने याच परिसरात उभे राहिले. आता सायकल उरली आहे ती दोनच प्रकारच्या माणसांपाशी : ज्यांना तिच्याखेरीज दुसरे काही परवडत नाही ते, आणि ज्यांना सर्व काही परवडते ते. त्या ताडपत्रीखाली या दोन्ही जातींच्या सायकली एकाच पंपाने फुगत होत्या, आणि कारागीर दोघांकडून हवेचे पैसे सारखेच घेत होता.

खराबवाडीच्या पुढे, जेथून माझी आवडती पाणंद डावीकडे वळत असे, तेथे तारेचे कुंपण आडवे आले. पलीकडे बांधकामाच्या सळ्यांचे ढीग आणि एक पिवळे यंत्र. बांधावर वैरण कापणाऱ्या एका शेतकरीदादांना मी विचारले, "इथनं वासुलीकडं वाट होती ना?" त्यांनी विळा खाली ठेवला आणि जे उत्तर दिले ते मी परत येईपर्यंत मनात घोळवीत राहिलो. "वाट हाये," ते म्हणाले, "पण वहिवाट राहिली नाही."

ज्यांनी खेड्यात जमिनीचे तंटे पाहिले आहेत त्यांना या दोन शब्दांतील अंतर ठाऊक असते. वाट नकाशावर असते. वहिवाट पायांत असते. शेतात जाण्यायेण्याच्या परंपरागत वाटेत कोणी अडथळा आणला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्यान्वये शेतकऱ्याला तहसीलदाराकडे दाद मागता येते, परंतु ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. येथे जमिनी गेल्या, बैलगाड्या गेल्या, बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या बाया गाळ्यांचे भाडे गोळा करू लागल्या, आणि ज्या वाटेवर कोणाचा पाय पडत नाही तिच्यासाठी कचेरीत अर्ज तरी कोणी करावा? मी कुंपणाशी उभा राहून विचार करीत होतो तो मात्र माझ्या देहाचा. फुप्फुसे तीच, हृदय तेच, मांड्यांचे स्नायूही त्याच जागी. सातबाऱ्यावर सर्व काही माझ्याच नावे होते. सराव सोडल्यावर काही आठवड्यांतच शरीराचा दमसास घटू लागतो असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि मी तर सात वर्षे त्या वाटेने फिरकलोच नव्हतो.

शेतकरीदादांनी मला ओढ्याकडून एक फेरा दाखवला. गव्हाच्या ओंब्या भरत आलेल्या, कांद्याची पात गुडघ्याला लागलेली, हरभऱ्याच्या घाट्यांना आंबूस वास. दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये कोंडलेल्या त्या चार-सहा एकरांत संपूर्ण जुना खेड तालुका जिवंत होता. चाकणची बाजारपेठ कांदा-बटाट्यासाठी नावाजलेली आहे हे मोटारींच्या गलबल्यात विसरायला होते. तेच चाकण, जेथल्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले.

ओढा ओलांडून माळावर चढलो तो समोर बैलगाडा शर्यतीचा घाट. उत्सवाचा दिवस नव्हता. दोन-तीन घरची मंडळी खोंडांना सराव देत होती, आणि एका बाजूला दगडावर धोतर-टोपीतले एक वृद्ध आजोबा बसले होते, ज्यांचे शब्द सारे झेलीत होते. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांत या शर्यतीचे वेड काय आहे ते आमच्याकडच्या माणसाला सांगून पटायचे नाही. आमच्याकडे बैल एकमेकांशेजारी धावतात आणि जो पुढे तो जिंकतो. येथे प्रत्येक गाडा एकटा धावतो. पुढे घोडी, मागे चार बैल, चढता घाट, आणि घड्याळ. अकरा-बारा सेकंदांत सारा निकाल. त्या एका धावेला बारी म्हणतात, आणि सर्वांत वेगवान गाड्याच्या मालकाला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो.

हा किताब ऐकला की माझ्या अंगावर रोमांच उभे राहतात, कारण मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्या स्वारालाही याच नावाने गौरवितात. आणि डोंगरी सायकलीचा जन्म तरी कसा झाला? कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस पर्वताच्या परिसरातील एका उतारावर १९७६ च्या ऑक्टोबरात काही तरुणांनी भंगारात निघालेल्या जुन्या जड सायकली घेऊन शर्यत लावली, आणि तीही अशीच : एकेकाने सुटायचे, एकट्याने धावायचे, घड्याळाशी झुंजायचे. खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधले वंगण जळून धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला 'रिपॅक' असे नाव पडले. त्या पोरांपैकी जो ब्रीझ, गॅरी फिशर यांनी पुढे अशा वाटांसाठी खास सायकली बांधल्या, आणि वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ जाऊन पोचला. खेडच्या शेतकऱ्याने टॅमलपाइसचे नाव ऐकलेले नाही आणि त्या अमेरिकन पोरांनी खेडचे. तरी दोघांनाही एकाच गोष्टीची ओढ लागली होती.

आजोबांनी माझी सायकल डोळ्यांनी तपासली. "तुमची बारी किती सेकंदांची?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "पूर्वी अठरा मिनिटं चाळीस सेकंद होती. आता बघायची आहे." "अठरा मिनिटं! एकट्यानं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग त्यात बैल कोण अन् गाडीवान कोण?" "दोन्ही मीच, आजोबा." त्यांनी मान हलवली, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "मग बैलाला इचारून हाका."

त्यांच्याकडून बंदीच्या काळाची हकीकत ऐकली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली. मधल्या सात वर्षांत घाटावर घाणेरी माजली, पोरांना कासरा धरता येईना. प्राण्यांच्या छळाविषयी न्यायालयासमोर आलेला प्रश्न खोटा नव्हता, आणि नियमांवाचून या खेळाला मोकळे रान मिळू नये असे माझेही मत आहे. परंतु बंदीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आजोबांनी गोठ्यातला एक म्हातारा बैल, बाजारात चांगली किंमत येत असताना, विकला नाही. बंदी उठल्यावर त्याला घाटाच्या तोंडाशी नुसता नेऊन उभा केला. "पळायचं वय नव्हतं त्याचं. पण कान असे टवकारले..." म्हणून त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांची बोटे कानांशी उभी केली, आणि पुढे बोलले नाहीत.

वासुलीच्या ओढ्यापाशी मी घड्याळ लावले. पहिल्या चढावर वयाचा विसर पडून जुन्या दातऱ्यांत सायकल घातली आणि तिसऱ्या मिनिटाला छाती फुटायची वेळ आली; मग आजोबांचे शब्द आठवले, दोन दातरे हलके केले, आणि बैलाला विचारू लागलो. विचारू लागलो तसा तो उत्तरेही देऊ लागला. मुरमात मागचे चाक निसटू लागले की बूड किंचित मागे घ्यायचे, पुढचे चाक उचलू लागले की हनुवटी हँडलकडे झुकवायची, मोठा दगड आला की त्याच्याकडे न पाहता त्याच्या शेजारच्या वाटेकडे पाहायचे. यांपैकी एकही गोष्ट मला आठवावी लागली नाही. दमसास गेला होता, परंतु तोल गेला नव्हता. घाम डोळ्यांत उतरत होता, वाळल्या कुसळांनी मोज्यांना टाके घातले होते, एक टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत गोल फिरत होती, आणि मी सात वर्षांत प्रथमच ओतशाळेच्या देण्याघेण्याचा एकही आकडा मनात नसलेला असा चढत होतो. डोंगराच्या खांद्यावर पाय टेकला तेव्हा घड्याळात सव्वीस मिनिटे दहा सेकंद झाली होती.

सायकल एका झुडपाला टेकवून पुढचा डोंगर पायीच चढलो. भामचंद्राच्या कड्यात कोरीव लेणी आहेत, आत महादेव आहे, आणि तुकोबांना येथेच साक्षात्कार झाला अशी वारकऱ्यांची दृढ श्रद्धा आहे. अशा जागी चाकांवर बसून जाणे मला रुचत नाही. लेण्याच्या सावलीत एक तरुण साधक ज्ञानेश्वरी उघडून बसला होता; त्याने न बोलता माठाकडे बोट दाखवले. पाणी पिऊन मी खाली पाहिले. कारखान्यांची निळी-पांढरी पत्र्यांची छपरे मैलोगणती पसरलेली, नव्या मोटारींच्या रांगा उन्हात चकाकत असलेल्या, आणि त्यांच्या मधून हिरव्या तुकड्यांची ठिगळे. एकांतासाठी जेथे तुकोबा आले तेथे आज वाऱ्याबरोबर यंत्रांचा घुमारा अखंड येतो. २००८ साली याच शिंदे-वासुलीच्या शिवारात डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीचे संशोधन केंद्र होऊ घातले होते. वारकरी आणि ग्रामस्थ यांनी बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखाली एवढा प्रखर विरोध केला की अखेर तो बेत सोडावा लागला. मी स्वतः कारखान्याच्या भाकरीवर वाढलेला माणूस आहे, आणि या माळाने लक्षावधी घरांच्या चुली पेटवल्या हे मी नाकारणार नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे की या डोंगरांना हात लावू नये : भामचंद्राला नाही, भंडाऱ्याला नाही, घोराडेश्वराला नाही. मोटारी करायला दुसरी जमीन मिळेल.

उतरणीला मी सावकाश आलो. पूर्वी हाच उतार मी सोडलेल्या गोफणगुंड्यासारखा उतरत असे. आता हासळीच्या जागी एक सूक्ष्म आठवण जागी होते आणि ब्रेकवरची दोन बोटे आपोआप आवळली जातात. त्याचे मला वाईट वाटले नाही. उताराच्या वेगात जे कधी दिसले नव्हते ते, पळसाच्या काळ्या कळ्या, मुंगसाचे जोडपे, दगडावर पाठ शेकीत पडलेला सरडा, आता दिसत होते.

सुदुंबऱ्यात जेवलो. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांची समाधी या गावी आहे. जन्म त्यांचा चाकणचा. समाधीला हात जोडून एका घरगुती खानावळीत शिरलो, तेव्हा मावशींनी काही न विचारता मासवडीचे ताट पुढे ठेवले. नावात मासा, आणि ताटात माशाचा मागमूस नाही! शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, सुके खोबरे, कांदा-लसणाचे सारण भरून तिला माशाच्या पाठीसारखा उंचवटा देतात, मग वड्या कापून झणझणीत रश्शात सोडायच्या आणि बाजरीच्या भाकरीशी खायच्या. तुळशीच्या माळेपुढे मांसाहार वर्ज्य करणाऱ्या या मुलखाने जिभेची सारी हौस डाळीच्या पिठात भागवलेली आहे. आमचा तांबडा रस्सा पहिल्या घोटाला कानशिलात भडकतो. हा रस्सा तिसऱ्या घासाला, हळूहळू, छातीत उतरतो. "अजून एक भाकर घे, सायकल मारायची हाये," म्हणत मावशींनी वाढलेली ती तिसरी भाकरी मी आयुष्यात विसरणार नाही.

भंडाऱ्याच्या डोंगरावर माघ शुद्ध दशमीचा सोहळा नुकताच आटोपला होता. मांडवांचे बांबू उतरवणे चालू होते. तेथून इंदोरीवरून देहूला आलो तो सूर्य मावळतीला गेलेला. घाटावर एक पोरगा भाड्याच्या रेंजर सायकलीवर अर्ध्या नळीतून पाय घालून चालवायला शिकत होता. शेजारून चाललेला त्याचा बाप बैठक धरून पळत होता, ओडियात काहीतरी सांगत होता. मग एका क्षणी त्याने हात सोडला, आणि पोराला ते कळलेच नाही. मी तेथे अंधार पडेपर्यंत बसलो. मला माझे वडील आठवले. रंकाळ्याच्या काठी त्यांनी असाच हात सोडला होता.

येलवाडी-सांगुर्डीकडून, दिव्याच्या उजेडात, निघोज्याला परतलो. आक्का अंगणात वाट पाहत बसल्या होत्या. "दिसला का तुझा डोंगर?" त्यांनी विचारले. "दिसला," मी म्हणालो. रात्री वही काढली आणि जुन्या नोंदीखाली नवी नोंद केली : 'भामचंद्र. वासुलीच्या ओढ्यापासून खांद्यापर्यंत. २६ मि. १० से.' दोन्ही अक्षरे एकाच हाताची होती.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची वाट धरण्यापूर्वी पहाटे मी पुन्हा खराबवाडीपलीकडच्या त्या ओढ्याकडे गेलो. धुळीत आदल्या दिवशीच्या माझ्या चाकाची रेघ तशीच होती, आणि तिच्यावर, रात्रीतून केव्हातरी, कुणाच्या तरी वहाणांचे ठसे उमटलेले होते.